प्राणवायूचे माप

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने नवजात अर्भकाच्या श्वासाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगारांची हजेरी हे आमचे नेहमीचे विषय. वैद्यकाचे शिक्षण आम्हाला नाही; शाळाही लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत बसून, आणि जे वाचून समजले नाही ते डॉक्टरांना व परिचारिकांना विचारून समजून घेतले. तरीही हा विषय आम्ही आपण होऊन निवडला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात संघटनेचे काम करताना एक मागणी वारंवार कानी येते : ‘आमच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीत प्राणवायूची सोय करा.’ मागणी रास्त आहे, परंतु अपुरी आहे. ती पुरी करावयाची तर प्राणवायू बाळाला केव्हा द्यावयाचा, किती द्यावयाचा आणि तो मोजावयाचा कसा, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. तेवढेच आज सांगावयाचे आहे.

हवेचे माप आमच्या भागातल्या कामगाराला नवीन नाही. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर या बाजूच्या कोळसा खाणींत काम करणाऱ्यांसाठी कायद्याने नियम घालून दिला आहे की, माणसे काम करतात त्या जागेच्या हवेत प्राणवायू १९ टक्क्यांहून कमी नसावा आणि कार्बन डायॉक्साइड अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावा. आपण आता या मंडपात जी हवा घेत आहोत तीत प्राणवायू सुमारे २१ टक्के आहे. २१ आणि १९ यांत फरक अवघा दोनाचा, पण त्या दोनावर खाणकामगाराच्या जिवाचा कायदा उभा आहे. हे झाले कमी पडण्याविषयी. आता जास्त झाल्यावर काय होते ते गॅस कटिंग करणाऱ्याला विचारा. तो लोखंडी पत्रा प्रथम लाल होईपर्यंत तापवतो आणि मग त्यावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतो. त्या झोतात तापलेले लोखंडच जळू लागते आणि पत्रा कापला जातो. प्राणवायूच्या सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये, हा धडा त्याला पहिल्याच दिवशी मिळालेला असतो. ज्या वायूवाचून माणूस मरतो, त्याच वायूच्या झोतात लोखंड जळते. असा पदार्थ मापाशिवाय वापरू नये, एवढे शहाणपण कारखान्यात आहे. तेच शहाणपण बाळंतिणीच्या खोलीत आणावे, असे आमचे सांगणे आहे.

प्रथम जन्माच्या क्षणी काय घडते ते पाहू. गर्भात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू त्याला आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या वाटेने मिळतो, आणि तोही बेताचाच असतो. गर्भाचे शरीर तेवढ्यावर वाढण्यास सरावलेले असते. जन्मल्यावर ही वाट बंद होते. पहिल्या काही श्वासांत फुप्फुसांतला द्रव मागे सरून तेथे हवा शिरावी लागते. शंभरांतली सुमारे पंच्याऐंशी बाळे हे काम आपण होऊन अर्ध्या मिनिटात करतात. दहाएक बाळांना कोरड्या फडक्याने पुसावे लागते, पाठ चोळावी लागते, मग ती रडतात. उरलेल्या तीन ते पाच बाळांना मात्र बाहेरून श्वास द्यावा लागतो. त्यासाठी वेळ किती? पहिले एक मिनिट. डॉक्टर मंडळी त्याला सुवर्ण मिनिट म्हणतात. ते निसटले की पुढचे प्रत्येक मिनिट मेंदूच्या हिशेबातून वजा होऊ लागते.

या बाळाला उणीव कशाची आहे, असे विचारले तर कोणीही सांगेल, प्राणवायूची. पण नीट पाहिले तर खोलीत प्राणवायू भरपूर आहे; तो बाळाच्या फुप्फुसांत पोचत नाही, ही खरी अडचण आहे. फुप्फुसे न उघडता नाकाशी प्राणवायूची नळी धरून ठेवली, तर मिनिटे जातील आणि बाळ निळेच राहील. म्हणून पहिले काम फुप्फुसे फुगवण्याचे. हवेत किती टक्के प्राणवायू आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

फुप्फुसे फुगवण्याचे साधन म्हणजे दवाखान्यात जिला अँबू बॅग म्हणतात ती पिशवी. तिचा इतिहास कामगारांनी ऐकण्याजोगा आहे. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना यंत्रे पुरेनात. तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकाच्या शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबल्या आणि माणसे जगवली. पण त्या पिशव्या फुगण्यासाठी मागे वायूची टाकी लागे. त्यानंतर त्याच देशात मालमोटार चालकांचा संप झाला, रुग्णालयांत प्राणवायूच्या टाक्या येईनात, आणि टाकीवाचून आपण होऊन फुगणारी पिशवी हवी हा विचार डॉ. हेनिंग रूबेन यांच्या मनाने घेतला, असे सांगतात. होल्गर हेसे या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी ती बनवली. पहिल्या नमुन्यात पिशवी उघडी ठेवण्यासाठी सायकलच्या आऱ्या वापरल्या होत्या, अशीही हकीकत आहे. १९५६ साली ही पिशवी बाजारात आली. दाबली की हवा पुढे जाते, सोडली की मागच्या झडपेतून भोवतालची हवा घेऊन ती पुन्हा फुगते. वीज नको, टाकी नको. आमच्या भागात रात्री वीज गेली तरी तिचे काम अडत नाही, ते याच गुणामुळे.

नवजात बाळाची पिशवी सुमारे २४० ते २५० मिलिलिटरची असते. मोठ्या माणसाची दीड लिटरच्या आसपास. आणि अडीच किलोच्या बाळाला एका श्वासाला हवा लागते किती? दहा ते पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. यावरून कळेल की येथे जोराचे काम नाही, बेताचे आहे. दोन-तीन बोटांनी, मिनिटाला ४० ते ६० वेळा, छाती हलकेच वर येईल इतकेच दाबावयाचे. दाब फाजील वाढला तर उघडणारी एक झडप पिशवीला असते. ती साधारण ३० ते ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला उघडते आणि कोवळी फुप्फुसे फाटण्यापासून वाचवते. छाती वर येत नसेल तर जोर वाढवण्यापूर्वी मास्क नीट बसला आहे का, मान फार वाकली किंवा फार ताणली तर नाही ना, तोंडात घाण अडकली आहे का, हे पाहावयाचे.

आता टक्केवारी. या पिशवीला प्राणवायूची नळी जोडलीच नाही, तर बाळाला २१ टक्के प्राणवायू मिळतो. नळी जोडली आणि मागे रिझर्व्हॉयर म्हणजे राखीव पिशवी लावली, तर तो ९० ते १०० टक्क्यांपर्यंत जातो. नळी आहे पण राखीव पिशवी नाही, अशा वेळी पुस्तकात बहुधा ४० टक्के असा आकडा दिलेला आढळतो. पण हा आकडा पक्का नव्हे. नळीतून प्रवाह किती सोडला आहे, पिशवी किती वेगाने व किती जोराने दाबली जाते, यावर तो अवलंबून असतो आणि पुष्कळ वेळा ४० च्या बराच वर जातो. तात्पर्य, केवळ पिशवीने दोनच मापे खात्रीने मिळतात : एक साध्या हवेचे आणि दुसरे जवळजवळ शुद्ध प्राणवायूचे. मधले माप हवे असेल तर वेगळे साधन लागते. त्याकडे पुढे येऊ.

श्रोते विचारतील, जीव जात असताना टक्केवारी कसली मोजता? शुद्ध प्राणवायू द्या आणि मोकळे व्हा. जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांनी पुष्कळ वर्षे हेच केले. त्याचा परिणाम काय झाला तो ऐका. १९४२ साली अमेरिकेत बोस्टनचे डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना येणाऱ्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. हा रोग गरीब वस्तीतल्या दवाखान्यांत फारसा दिसत नसे. जेथे घट्ट बंद होणाऱ्या काचपेट्या होत्या आणि प्राणवायू सढळ हाताने सोडला जात होता, तेथे तो जास्त दिसे. १९५१ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी बोट ठेवले ते प्राणवायूवर. पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून रीतसर प्रयोग केला आणि १९५४ साली तो दोष शाबीत झाला. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास बालकांची दृष्टी गेली होती.

हे घडते कसे? डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची जाळी मधून कडेकडे वाढत जाते आणि गर्भाचे दिवस पुरे होण्याच्या सुमारास कडेला पोचते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती अर्ध्या वाटेवर असते. अशा वेळी रक्तात प्राणवायूची रेलचेल झाली, तर वाहिन्यांची वाढ थांबते. धानाच्या बांधीत वरच पाणी साचून राहिले म्हणजे रोपाची मुळे खोल जात नाहीत, तसेच हे. पुढे डोळा वाढतो, कडेच्या भागाला उपासमार जाणवते, आणि तो भाग निकराने नव्या वाहिन्या मागू लागतो. घाईने फुटलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या व दुबळ्या असतात. त्या पडद्याला ओढून त्याच्या जागेवरून सोडवतात, आणि बाळ अंध होते.

हे कळल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ४० टक्क्यांहून जास्त प्राणवायू द्यावयाचाच नाही, असा दंडक पडला. त्यामुळे आंधळी बाळे कमी झाली, पण ज्यांना खरोखरच अधिक प्राणवायू हवा होता अशी बाळे दगावू लागली. इंग्लंडमधील डॉ. केनेथ क्रॉस यांनी १९७३ साली अंदाज मांडला की, एकेका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळे मृत्युमुखी पडली असावीत. कमी आणि जास्त, दोन्हींची किंमत बाळांनीच मोजली. दोन्ही वेळा एक गोष्ट समान होती : बाळाच्या रक्तात त्या घटकेला किती प्राणवायू आहे, हे सतत मोजण्याचे साधन हाताशी नव्हते.

मुदत पुरी होऊन जन्मलेल्या, पण गुदमरलेल्या बाळाचे काय? त्याच्या बाबतीतही शुद्ध प्राणवायू हीच रीत अनेक दशके चालली. तिला आव्हान दिले ते नॉर्वेचे डॉ. ओला सौगस्ताद आणि दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सिद्धार्थ रामजी यांनी. १९९३ साली दिल्लीच्या ८४ बाळांवरील पहिल्या लहानशा प्रयोगाचे निष्कर्ष छापले गेले. १९९८ साली सहा देशांतील ११ केंद्रांमधल्या ६०९ बाळांचा अहवाल आला. त्यांत भारतातील बाळेही होती. २००३ साली भारतातील चार केंद्रांचा ४३१ बाळांचा अभ्यास आला. साध्या हवेने श्वास दिलेली बाळे मागे पडली नाहीत. उलट ती लवकर रडली. शुद्ध प्राणवायू मिळालेल्या बाळांना पहिला श्वास घेण्यास थोडा उशीरच लागला. पुढे असे सारे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साध्या हवेच्या गटात मृत्यू सुमारे तीन दशांशाने कमी आढळले. २०१० साली जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या : मुदतीच्या बाळाला श्वास देण्याचा प्रारंभ साध्या हवेने, २१ टक्क्यांनी करावा.

याचे कारण गॅस कटरला चटकन पटेल. गुदमरलेल्या बाळाच्या पेशी प्राणवायूवाचून उपाशी असतात, त्यांचा रासायनिक कारभार विस्कटलेला असतो. त्यांच्यावर एकदम शुद्ध प्राणवायूचा लोंढा सोडला, तर त्यातून अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते पेशींनाच जाळू लागतात. पोट खपाटीला गेलेल्या माणसाला पहिल्याच पंगतीत पोटभर जिलेबी वाढू नये, हे आपल्याकडे कोणालाही समजते.

आता हा प्रश्न आमच्या दाराशी आणू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. बंग दांपत्याचे नाव कामगार चळवळीला आधीपासून ठाऊक होते. रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला चार रुपये पुरतात, हा सरकारी समितीचा हिशेब त्यांनी पुन्हा मांडून दाखवला आणि खरा आकडा बारा रुपयांचा आहे हे सिद्ध केले होते. तीच मोजण्याची सवय त्यांनी बालमृत्यूला लावली. १९९३ पासून ३९ गावांत त्यांनी जन्म आणि मृत्यू यांची काटेकोर नोंद ठेवली. त्या काळी तेथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत. १९९५ नंतर त्यांनी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि त्यांना घरी जाऊन नवजात बाळाची शुश्रूषा करण्यास शिकवले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ साली, त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने तो अहवाल छापला.

गुदमरलेल्या बाळांविषयीचा त्यांचा अनुभव आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. आरंभी सुइणी तोंडाने फुंकर घालून श्वास देत. नंतर आरोग्यदूतांच्या हाती नळी आणि मास्क आला. तिच्यातूनही तोंडानेच फुंकावयाचे. १९९९ पासून त्यांच्या हाती पिशवी आली. माणसाच्या उच्छ्वासात प्राणवायू असतो सुमारे १६ ते १७ टक्के; खाणीतल्या जुन्या सेफ्टी लॅम्पची ज्योत ज्या हवेत विझते, तितकाच. पिशवीतून मिळतो २१ टक्के. सिलिंडर कोठेच नव्हता. आणि तरीही तीव्रपणे गुदमरलेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १९९५-९६ मधील ३९ टक्क्यांवरून पुढच्या वर्षांत, २००३ पर्यंत, २० टक्क्यांवर आले. एक मृत्यू टाळण्यामागे पिशवी व मास्कचा खर्च पडला १३ डॉलर. याचे सारे श्रेय रबरी पिशवीला देऊ नये. बाळंतपणाच्या वेळी हजर असलेली, सराव केलेली, जबाबदारी घेतलेली गावची बाई हे तिचे निम्म्याहून अधिक कारण आहे.

येथे आमच्या सभांतून हमखास उठणारा प्रश्न येतो. एखादा तरुण कार्यकर्ता म्हणतो, ‘श्रीमंताच्या पोराला ऑक्सिजन आणि आदिवासीच्या पोराला नुसती हवा, हा कोणता न्याय?’ या शंकेमागची चीड आम्हाला कळते. गरिबाला स्वस्तातले देऊन त्यालाच शास्त्र म्हणण्याची खोड जुनी आहे. पण येथे तसे नाही. मुदतीच्या बाळासाठी जो नियम एटापल्लीत, तोच ऑस्लोत आणि मुंबईच्या बड्या रुग्णालयात. हवा ही येथे गरिबाची तडजोड नसून पहिल्या प्रतीचे औषध आहे. विषमता आहे, पण ती दुसरीकडे. साध्या हवेने भागले नाही तर पुढे काय, या पायरीवर ती उभी आहे.

ती पायरी अशी. छाती नीट वर येत असूनही बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर जात नाहीत, किंवा रक्तातला प्राणवायू अपेक्षेप्रमाणे चढत नाही, तर प्राणवायू जोडून तो हळूहळू वाढवावा लागतो. ठोके साठाच्या खाली राहिले आणि छाती दाबण्याची वेळ आली, तर तेवढ्या वेळापुरता शुद्ध प्राणवायू देण्याची रीत आहे. ठोके सावरताच तो पुन्हा उतरवावयाचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेब आणखी वेगळा. ३२ ते ३४ आठवड्यांच्या बाळाला २१ ते ३० टक्क्यांनी आरंभ करतात. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांविषयी तज्ज्ञांत वाद चालू आहे. २०२५ सालच्या सूचनांनी ३० टक्के किंवा अधिक असा आरंभ सुचवला आहे. म्हणजे ‘प्राणवायू वाईट’ असा उलटा धडा कोणी घेऊ नये. आरंभ कितीही टक्क्यांनी केला तरी पुढची चढउतार मोजूनच करावयाची, यावर मात्र एकमत आहे.

मोजावयाचे कशाने? पल्स ऑक्सिमीटरने. त्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली काढली. कातडीतून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे किरण पार जातात, आणि रक्ताने त्यांतला कोणता किती शोषला यावरून रक्तातील प्राणवायूची टक्केवारी कळते. नवजात बाळाला पट्टी लावावयाची ती उजव्या हाताला. कारण हृदयातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची खरी स्थिती तेथे कळते. आणि अपेक्षा काय धरावयाची? निरोगी बाळाचा आकडाही जन्मताच शंभराला टेकत नाही. एका मिनिटाला ६० ते ६५, दोन मिनिटांना ६५ ते ७०, तीन मिनिटांना ७० ते ७५, चार मिनिटांना ७५ ते ८०, पाच मिनिटांना ८० ते ८५ आणि दहा मिनिटांना ८५ ते ९५, अशी ती चढण आहे. बाळ पहिली काही मिनिटे निळसर दिसले म्हणून घाबरून नळ पुरा उघडणे हे या चढणीच्या अज्ञानातून होते. २०२१ च्या कोविडच्या लाटेत घरोघर जे बोटाचे ऑक्सिमीटर आले, ते या कामाचे नाहीत. नवजात बाळाची पट्टी वेगळी असते.

आणि मधले माप मिळवावयाचे ते ब्लेंडरने, म्हणजे हवा आणि प्राणवायू ठरल्या प्रमाणात मिसळणाऱ्या यंत्राने. त्यामागचे गणित अगदी सोपे आहे. एक भाग शुद्ध प्राणवायू आणि तीन भाग हवा मिसळली, तर १०० अधिक तीन वेळा २१, भागिले चार, म्हणजे सुमारे ४१ टक्के. एक भाग प्राणवायू आणि आठ भाग हवा मिसळली, तर सुमारे ३० टक्के. चौथी-पाचवीचे मूल हे करील. कोविडनंतर राज्यातल्या जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत प्राणवायूचे प्रकल्प आणि काँसन्ट्रेटर आले. काँसन्ट्रेटरमधून ९० ते ९६ टक्के प्राणवायू निघतो. ही चांगली गोष्ट झाली. पण जेथे प्राणवायू आला तेथे त्याच्या शेजारी ब्लेंडर आणि बाळाच्या मापाचा ऑक्सिमीटर आला की नाही, हे प्रत्येक तालुक्यातल्या जागरूक नागरिकाने जाऊन विचारावयास हवे. सिलिंडर दिसतो, त्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो. माप दिसत नाही.

शेवटचा दुवा डोळ्यांचा. आज आपल्याकडे अतिदक्षता विभाग वाढले आहेत आणि पूर्वी जगत नसत अशी कमी दिवसांची बाळे जगत आहेत. त्याबरोबर १९४० च्या दशकातला तो जुना अंधत्वाचा रोग आपल्या देशात आला आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने तपासले पाहिजेत. फारच लवकर जन्मलेल्या बाळाचे दोन ते तीन आठवड्यांतच. दोष आढळला तर दोन-तीन दिवसांत लेसरचा किंवा तसा अन्य उपचार झाला पाहिजे. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता कित्येक पावसाळ्यांत तुटलेला आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात आई पुडे बांधत असते. तो पंधरा-वीस दिवसांचा हंगाम म्हणजे घरातली वर्षाची रोकड. बाळ बरे होऊन घरी आले, दूध पिते, हसते. मग डोळे तपासण्यासाठी एवढ्या लांब कोण जाईल? येथे प्रश्न औषधाचा राहत नाही, मजुरीचा होतो. म्हणून तो आमचा आहे.

तेव्हा मागणी कशी असावी? नुसता सिलिंडर न मागता पुढील पाच गोष्टी एकत्र मागाव्यात. पहिली, बाळंतपण होते त्या प्रत्येक ठिकाणी नवजात बाळाच्या मापाची चालू स्थितीतली पिशवी आणि लहान-मोठे दोन मास्क. ते कुलपात न ठेवता हाताशी असावेत. दुसरी, परिचारिकांचा सराव. २००९ साली केंद्र सरकारने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम काढला आणि त्यात हे शिक्षण दिले जाते. पण वर्षातून क्वचित लागणारे कौशल्य बाहुलीवर दर महिन्याला घोटल्याशिवाय टिकत नाही, आणि हा सराव कामाच्या वेळात धरला गेला पाहिजे. तिसरी, बाळाच्या पट्टीसह ऑक्सिमीटर. चौथी, जेथे प्राणवायू दिला जातो तेथे ब्लेंडर. पाचवी, कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची मुदतीत तपासणी, आणि त्यासाठी आईला गाडी व बुडालेल्या मजुरीची भरपाई.

या पाचांपैकी पहिल्या दोन गोष्टींना पैसा फार थोडा लागतो, आणि सर्वांत अधिक जीव त्यांनीच वाचतात. कंत्राटावर राबणारी, रात्री एकटीच असणारी परिचारिका त्या सुवर्ण मिनिटात बाळापाशी उभी असते. तिच्या हातात योग्य पिशवी असावी, बोटांना सराव असावा, डोळ्यांसमोर आकडा असावा. तेवढे असले म्हणजे प्राणवायू किती द्यावयाचा, हे तिला कोणी सांगावे लागणार नाही.